तुणतुण्याचे लाकूड : निवड व मुरवण

हस्तव्यवसायाच्या तासाला करवून घेण्यास तुणतुणे हे सोपे वाद्य आहे. पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या तळाशी ताणलेले कातडे, बाजूस ठोकलेली काठी, वर एक खुंटी आणि एक तार, एवढीच त्याची अंगे. ताथवड्यापासून देहू दूर नाही. म्हणून वीणा व एकतारी येथील मुलांच्या परिचयाच्या असतात. मात्र वाद्य करताना सर्वांचे लक्ष तारेकडे जाते, लाकडाकडे क्वचितच. तार लावल्यावर थोड्याच वेळात स्वर उतरू लागला, की मुलाला स्वरज्ञान नाही असा ग्रह होतो. असा निर्णय देण्यापूर्वी शिक्षकाने खुंटी तपासावी.

ओले लाकूड वाळताना आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नव्हे. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. आडव्या दिशेने मात्र पुष्कळ आकसते. त्यामुळे गोल खुंटी व गोल छिद्र वाळल्यावर किंचित लंबगोल होतात, पकड सुटते आणि तार सैल पडते.

मिरजेचे कारागीर हे जाणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून तेथे तंतुवाद्ये घडू लागली. शस्त्रांना धार लावणारे हात तंबोऱ्याकडे वळले. तेथील सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या दांडीसाठी व तबलीसाठी तूण वृक्षाचे हलके, तांबूस लाकूड वापरतात. भोपळे पंढरपूरकडील भीमाकाठचे येतात. भोपळा असो वा लाकूड, पुरते वाळल्याशिवाय त्याला हत्यार लावीत नाहीत.

शाळेसाठी पुढील पद्धत ठेवावी.

1. उभे झाड तोडू नये. ताथवडे परिसरात जुनी घरे उतरवली जातात. त्यांचे वासे व चौकटी वर्षानुवर्षे मुरलेल्या असतात. घरमालकाच्या संमतीने तुकडे मागून घ्यावेत. खिळे काढावेत, वाळवी लागलेला भाग टाकून द्यावा.

2. खुंटीसाठी शिसवीसारखे कठीण, सरळ रेषांचे, बिनगाठीचे लाकूड घ्यावे. रेषा तिरप्या असल्यास पिळताना खुंटी मोडते.

3. नवे लाकूड असल्यास फळ्या सावलीत, हवेशीर जागी, मध्ये पट्ट्या देऊन रचाव्यात. टोकांतून ओल लवकर जाते व चिरा पडतात, म्हणून टोकांना मेण लावावे. एक इंच जाडीस सुमारे एक वर्ष, हा जुना ठोकताळा आहे.

4. मुलांकडून दर आठवड्यास एक तुकडा तोलून वजन नोंदवून घ्यावे. लागोपाठ काही आठवडे वजन स्थिर राहिले, म्हणजे लाकूड कामास योग्य झाले. कोरड्या ऋतूत पाहिलेली ही स्थिरता अधिक विश्वसनीय. पावसाळ्यात लाकूड पुन्हा ओल शोषून घेते.

या नोंदींतून गणित व निसर्गविज्ञान यांचे पाठ सहज होतात. शिवाय, स्वर न जुळल्यास दोष कोठे शोधावा, हेही मुलाला कळते. लाकूड तपासून पाहिल्यावाचून कोणत्याही मुलाला बेसूर ठरवून गाण्यापासून दूर ठेवू नये.