ऑपरेशन झेपेल का?

मणक्यात कॅन्सर पसरला की तो मुळासकट काढण्याची वेळ बहुतेकदा टळून गेलेली असते. मग आता चिरफाड कशाला, असं घरच्यांना वाटतं. बराच काळ डॉक्टरांनाही तसंच वाटायचं, आणि त्याला कारण होतं. जुन्या ऑपरेशनमध्ये पाठीमागून मणक्याची कमान काढून मज्जारज्जू मोकळा करत. पण गाठ बहुधा असते पुढच्या, भार पेलणाऱ्या भागात. पुढचा भाग कॅन्सरने पोखरलेला, मागचा सर्जनने काढलेला. कणा आणखीच डळमळायचा. त्यापेक्षा नुसतं रेडिएशन बरं, असं मत झालं ते काही उगाच नाही.

२००५ साली 'लॅन्सेट'मध्ये रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांची अमेरिकेतली चाचणी छापून आली. मज्जारज्जू दबलेले १०१ रुग्ण. साधारण निम्म्यांना फक्त रेडिएशन. बाकीच्यांचं आधी ऑपरेशन, तेही गाठ असेल त्या बाजूने जाऊन, गरज पडल्यास कण्याला आधार बसवून, आणि मग रेडिएशन. उपचारानंतर ऑपरेशनवाल्यांपैकी ८४ टक्के चालू शकत होते, दुसऱ्या गटात ५७ टक्के. ऑपरेशनच्या गटात निम्म्या लोकांचं चालणं १२२ दिवसांहून जास्त टिकलं. नुसत्या रेडिएशनच्या गटात तोच आकडा होता १३. हे चार महिने म्हणजे स्वतःच्या पायांनी संडासला जाणं, पाठीला जखमा न होणं, कुणी कूस बदलून देण्याची वाट न पाहणं.

मात्र या चाचणीत निदान तीन महिने जगतील आणि मोठं ऑपरेशन सोसतील असेच रुग्ण घेतले होते. हडकलेल्या, धाप लागणाऱ्या आजोबांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

इथे वय फारसं कामाचं नाही. आधी विचारायला हवं ते असं, की माणसाने अंथरूण धरलंय ते कण्यामुळे की सगळं शरीरच खचल्यामुळे? कॅनडाच्या केनेथ रॉकवुड यांची अशक्तपणाची मोजपट्टी लावताना दुखणं बळावण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी माणूस कसा होता ते बघतात. तेव्हा बाजारातून भाजी आणणारी बाई आज मोडलेल्या मणक्यामुळे पडून असेल, तर ऑपरेशनने ती उभी राहू शकते. सहा महिन्यांपासून सुकत चाललेल्या माणसाला स्क्रू उभं करणार नाहीत. रक्तातलं अल्ब्युमिन आणि सीटी स्कॅनमध्ये कण्यालगत दिसणाऱ्या स्नायूची जाडी यांवरूनही अंदाज येतो. स्कॅन मणक्यासाठी काढलेलाच असतो. त्यातला स्नायू बघायला वेगळा खर्च नाही. तरी तो बघायचा राहून जातो.

अशक्त रुग्णासाठी आता ऑपरेशनच लहान करतात. मणका फक्त खचला असेल आणि मज्जारज्जूवर दाब नसेल, तर जाड सुईतून त्यात हाडाचं सिमेंट भरतात. टूथपेस्टसारखा तो लगदा काही मिनिटांत घट्ट होतो. कणा हलत असेल तर एक्स-रेच्या पडद्यावर बघत, छोट्या छोट्या छेदांतून वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू बसवून सळ्यांनी जोडतात. मज्जारज्जू दबला असेल तर सगळी गाठ काढण्याच्या मागे न लागता तिच्यात आणि मज्जारज्जूत काही मिलिमीटरची फट तयार करतात. मग उरलेल्या गाठीवर नेमक्या जागी रेडिएशनचा मोठा डोस देता येतो आणि मज्जारज्जूला धक्का लागत नाही. मूत्रपिंडाच्या कॅन्सरची गाठ फार रक्ताळ असते. तिच्या रक्तवाहिन्या आदल्या दिवशीच बंद केल्या, तर टेबलावरचा रक्तस्राव आवाक्यात राहतो.

एवढंही झेपणारं नसेल तर स्टेरॉइड, मॉर्फिन आणि रेडिएशन. तेही एकाच बैठकीत देता येतं. ऑपरेशनजोगे नसलेल्या रुग्णांवरची एक मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांनी, एकाच डोसनंतर ६९ टक्के आणि पाच डोसनंतर ७३ टक्के रुग्ण चालत होते. आधी आखलेल्या निकषावर एकाच डोसचा पर्याय थोडक्यात कमी पडला. पण ज्या पेशंटला प्रत्येक खेपेला चौघांनी उचलून गाडीत ठेवावं लागतं, त्याच्या बाबतीत मी तरी एकाच खेपेच्या बाजूने असेन.