संस्था विश्वासाची कशी ठरते?

गैरसमज : संस्था नोंदणीकृत आहे, म्हणजे खात्रीची आहे.

वस्तुस्थिती : पत्रकावरचा ‘एफ’ क्रमांक, म्हणजे धर्मादाय कार्यालयातला नोंदणी क्रमांक, एवढं सांगत नाही. सात जण एकत्र आले, घटना लिहिली आणि रीतसर अर्ज केला, की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था उभी राहते. महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. धर्मादाय कार्यालय उद्देश, विश्वस्त आणि मालमत्ता टिपून ठेवतं. काम चांगलं चालल्याचा दाखला ते देत नाही.

गैरसमज : नवे विश्वस्त निवडले, ठराव केला, झालं.

वस्तुस्थिती : छोट्या संस्था सर्वाधिक इथेच अडकतात. विश्वस्ताचं निधन झालं, कुणी राजीनामा दिला किंवा नवी निवड झाली, तर ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. तो मंजूर झाल्यावरच ‘शेड्यूल वन’वर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदवहीत, नवं नाव चढतं. कित्येक संस्थांच्या नोंदवहीत आजही दिवंगत मंडळीच कारभार पाहत असतात! एरवी कुणाचं अडत नाही. पण खात्यावरच्या सह्या बदलायच्या झाल्या, की बँक अद्ययावत उतारा मागते. त्यात मंडळात दोन गट पडलेले असले, तर खरे विश्वस्त कोण याचाच वाद वर्षानुवर्षं चालतो आणि काम बाजूला राहतं. सभेची नोटीस, उपस्थितांच्या सह्या आणि इतिवृत्त जपून ठेवणं कंटाळवाणं असतं, पण भांडणाच्या वेळी तेवढंच हाताशी असतं.

गैरसमज : आमची माणसं प्रामाणिक आहेत, हिशेबाचा काच कशाला?

वस्तुस्थिती : काटेकोर हिशेबाचा सर्वांत मोठा फायदा प्रामाणिक खजिनदारालाच होतो. क्रमांक असलेलं पावतीपुस्तक, धनादेशावर दोन सह्या, आलेली रोकड लगेच बँकेत, आणि खर्च मंजूर करणारा एक तर पैसे देणारा दुसरा, एवढं पाळलं तरी त्याच्याविषयी कुजबुज करायला जागा उरत नाही. देणगीदाराचाही यात प्रश्न असतो. ₹२,००० पेक्षा जास्त रक्कम रोखीनं दिली, तर तिच्यावर आयकरातली ‘८०जी’ची सवलत मिळत नाही. शिवाय संस्थेनं देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरून प्रमाणपत्र दिलं नाही, तर नुसत्या पावतीवर सवलतीचा दावा अडकू शकतो.

गैरसमज : वर्षाचं ऑडिट होतं, ते पुरेसं आहे.

वस्तुस्थिती : लेखापरीक्षकानं रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळतात का, हे लिहायचं असतं. मार्चनंतर पिशवीभर बिलं त्याच्यापुढे ओतली, तर तो बेरीज तपासेल. खर्च गरजेचा होता का, हे मात्र मंडळानंच दर महिन्याला विचारायला हवं.

गैरसमज : पगारावर खर्च म्हणजे देणगी वाया.

वस्तुस्थिती : परदेशी देणग्यांच्या कायद्यानं २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, पण शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार तो कडक कायदाही प्रशासकीय खर्चात धरत नाही. हिशेबनीसाचा पगार मात्र प्रशासकीय खर्चच म्हणावा लागेल. तरीही हिशेबनीसाशिवाय संस्था चालवणं ही काटकसर नव्हे, निष्काळजीपणा आहे.

पुढची देणगी देण्याआधी संस्थेकडे गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि विश्वस्तांची चालू यादी मागा. मागितल्यावर कुणी दुखावलं, तर देणगी थोडी थांबवा.