चलनामे, संगणकीय आज्ञावलीतील

चलनामे : संगणकाच्या आज्ञावलीत ज्या राशीचे मूल्य काम चालू असताना बदलू शकते तिला चल म्हणतात व त्या राशीस आज्ञावलीकाराने दिलेल्या नावास चलनाम. संगणकाच्या दृष्टीने चलनाम ही स्मृतीतील एका जागेची खूण असते. नाव ‘क’ असो वा ‘पर्जन्यमान’, उत्तरात फरक पडत नाही. फरक पडतो तो आज्ञावली वाचणाऱ्या माणसाला. हा वाचक पुष्कळदा मूळ लेखकाहून निराळा व काही वर्षांनंतरचा असतो. नामकरणाचे संकेत मुख्यतः त्याच्यासाठी आहेत.

प्रारंभीच्या भाषांत आखूड नावे ही निवड नसून सक्ती होती. फोर्ट्रान (१९५७) या भाषेत नाव जास्तीत जास्त सहा वर्णांचे असे आणि वेगळे घोषित केले नसल्यास आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारे चल पूर्णांकी मानले जाई. मूळ बेसिक (१९६४) भाषेत एक अक्षर व हवा तर त्यापुढे एक अंक एवढीच मुभा होती. व्यापारी कामासाठी रचलेल्या कोबोलने मात्र तीस वर्णांपर्यंतची, संयोगचिन्हाने जोडलेली नावे चालविली. पुढे मर्यादा गेल्या, तरी सवय उरली. आज अनेकशब्दी नावे जोडण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत : शब्दांमध्ये अधोरेखा घालणे (पायथन भाषेच्या २००१ च्या शैलीनियमांत हीच सुचविली आहे) आणि दुसऱ्या शब्दापासून प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे लिहिणे. मध्येच उंचावणाऱ्या अक्षरांमुळे दुसरीला उंटाच्या मदारीवरून नाव पडले. जावा भाषेत ती प्रचलित आहे. यांपैकी कोणती चांगली, यावर वाद बराच झाला असला, तरी एका आज्ञावलीत एकच पाळावी यापलीकडे त्यातून फारसे निष्पन्न होत नाही.

खरी अडचण नावाच्या अर्थाची आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या भातपिकाची व पावसाची आकडेवारी हाताळणारी आज्ञावली कल्पनेने घेतली, तर ती स्पष्ट होते. ‘उत्पन्न’ हे चलनाम मराठी माणसास सहज सुचेल. पण ते शेतात आलेले भात की त्याचे रुपये, हे नावावरून कळत नाही. भात असेल, तर ते क्विंटलमध्ये की खंडीत, हाही प्रश्न राहतो. पेणच्या गणेशमूर्तींचा हिशेब ठेवताना नुसते ‘उंची’ लिहिले, तर इंच व फूट यांची गल्लत होण्यास वाव राहतो. ‘भात_क्विंटल’, ‘उंची_इंच’ अशी नावे लांब वाटली, तरी शंका ठेवीत नाहीत. एकक न कळल्याची किंमत मोठी असू शकते. मंगळाकडे पाठविलेले एक अमेरिकी यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले, ते एका आज्ञावलीने पौंड-बलात दिलेले आकडे दुसरीने न्यूटनमधील समजल्यामुळे. दोष केवळ नावाचा नव्हता हे खरे. पण एकक आकड्याबरोबर प्रवास करीत नव्हते. मूळचे हंगेरीचे चार्ल्स सिमोनी यांनी नावाच्या आरंभी राशीचा प्रकार दर्शविणारी अक्षरे जोडण्याची ‘हंगेरियन’ पद्धत सुचविली ती अशाच गोंधळावर उपाय म्हणून. पुढे पुष्कळांनी तिचा अर्थ संगणकीय प्रकार (पूर्णांक, अक्षरमाला इ.) एवढाच घेतला आणि ती निरुपयोगी ओझे ठरली.

‘पेण_पाऊस’ व ‘रोहा_पाऊस’ असे दोन चल करणे हीही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. तेवढे चल करण्यापेक्षा ‘तालुका’ हा एक चल ठेवून पेण व रोहा ही त्याची मूल्ये करावीत. स्थलनाम ही माहिती आहे, आणि माहिती बदलते : १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. चलनामातच ‘कुलाबा’ गोवले असते, तर आज्ञावली ठिकठिकाणी दुरुस्त करावी लागली असती. शिवाय नाव एकमेव असेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी कोष्टकांत महाराष्ट्राचा रायगड व छत्तीसगडचा रायगढ या दोन्ही जिल्ह्यांचे रोमन लेखन एकच आहे; वेगळे आहेत ते त्यांचे सांकेतिक क्रमांक.

रोमन लिपीत मराठी नावे लिहिताना आणखी अडचणी येतात. ‘पेण’मधील ‘ण’ लोपतो आणि उरते ती लेखणी. ‘रोहा’चे सामान्यरूप ‘रोह्या-’ होते. म्हणून कोठे मूळ रूप व कोठे ‘रोह्याचा’ असे लिहिले, तर एकाचा शोध घेताना दुसरे सापडत नाही. चलनामात शब्द विभक्तिप्रत्ययाविना घ्यावा, हा संकेत मराठीपुरता तरी आवश्यक मानला पाहिजे.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (२००८) देवनागरी चलनामेही चालतात. आज्ञाशब्द मात्र इंग्रजीच राहतात. यातही एक खोच आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित करता येतो : नुक्ता असलेल्या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथन यांपैकी दुसरा प्रकार स्वीकारत नाही, आणि चूक कोठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही.