शिकविणाऱ्याचे शिक्षण

मुकुंदवाडीला लागून असलेल्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत केंद्र शासनाची इंडो-जर्मन टूल रूम ही संस्था आहे. उद्योगांसाठी साचे व हत्यारे घडविणे आणि तरुणांना प्रशिक्षण देणे, ही दोन्ही कार्ये ती करते. वैद्यांच्या त्रैमासिकात यंत्रशाळेचे काय काम, असे कोणी विचारील. ज्या शिक्षकाच्या शेजारी ग्राहकाचे खरे काम चालू असते, त्याचे ज्ञान सहसा शिळे होत नाही; हा धडा आपल्याही उपयोगाचा आहे.

व्यवसाय-शिक्षक घडविण्याचा प्रश्न जुनाच आहे. निदेशकांच्या प्रशिक्षणासाठी १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनी येथे केंद्रीय संस्था निघाली. आज शिल्प निदेशक प्रशिक्षण योजनेच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात व्यवसायकौशल्याबरोबर अध्यापनपद्धतीही शिकविली जाते. मात्र परतलेल्या निदेशकास संस्थाप्रमुखांनी कारकुनीस जुंपले, तर त्या वर्षाचे चीज होत नाही.

आपल्याकडे पंचकर्म परिचारक व रसशाळेतील कामगार यांना शिकवितो तो बहुधा एखादा जुना, जाणता हात. शिकवावे कसे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चरकाचार्यांनी उपस्थात्याचे चार गुण मानले: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. पैकी अनुराग आज्ञेने उत्पन्न होत नाही. तो प्रमुखाच्या वर्तनावर अवलंबून असतो.

अनुसूची 'टी' २००० साली आल्यापासून प्रत्येक बॅचची नोंद ठेवणे आपणांस बंधनकारक आहे. समजा, बस्तीसाठी मध्यम पाक हवा असताना तेलाचा पाक खर झाला. मालकाचा पहिला प्रश्न "कोणी केले?" असा असेल, तर नोंदवही निष्कलंक राहते आणि पाक पुन्हा बिघडतो. "अग्नी केव्हा वाढविला?" असे विचारले, तर तीच बॅच शिकविणाऱ्याच्या हाती उत्तम पाठ म्हणून येते. दुर्दैवाने पहिला प्रश्नच अधिक ऐकू येतो.

शिकवून तयार केलेला माणूस दुसऱ्या फार्मसीत जातो, ही मालकांची तक्रार खोटी नाही. तथापि वेतन व मान न मिळाल्यास शिकविणाराही जातो, आणि ती हानी मोठी असते.

जाणत्या कामगारास आठवड्यातून अर्धा दिवस उत्पादनाच्या हिशेबातून मोकळा करावा व वैद्यांनी त्याच्याजवळ बसावे. आरंभ स्नेहसिद्धिलक्षणांपासून करता येईल: कल्काची वर्ती वळणे, ती अग्नीवर टाकता आवाज न होणे, तेलात फेनोद्गम आणि घृतात फेनशांती.