अस्वल आणि रायफलीचे काडतूस : खडकीच्या .315 च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
पुण्यातील खडकी येथे 1869 मध्ये दारूगोळा कारखाना स्थापन झाला. लष्करी काडतुसांबरोबरच परवानाधारक नागरिकांच्या .315 इंची रायफलीची काडतुसेही तेथे तयार होत आली आहेत. अस्वलासाठी कोणते काडतूस योग्य, हा प्रश्न पूर्वी शिकाऱ्याचा होता. आज त्याचे स्वरूप बदलले आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची शास्त्रीय व कायदेशीर बाजू स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अंतर्व्यास व ऊर्जा :
ब्रिटिश राजवटीत लष्कराचे .303 काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये म्हणून त्यावर निर्बंध आले. त्यामुळे ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलीचे 8 मि.मी. काडतूस .315 या नावाने भारतात रूढ झाले. त्याची 244 ग्रेनची (सुमारे 15.8 ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे 620 मीटर वेगाने निघते, म्हणजे ऊर्जा सुमारे 3,000 जूल होते. .303 ची 174 ग्रेनची गोळी हलकी पण वेगवान असून तिची ऊर्जाही जवळपास तेवढीच आहे. याउलट 5.56 मि.मी. लष्करी गोळीची ऊर्जा याच्या सुमारे निम्मी असते. वेग कमी असल्याने .315 ची गोळी लांब पल्ल्यावर अधिक खाली येते. तथापि अस्वलाशी गाठ झुडपात, थोड्या अंतरावर व अचानक पडते. तेथे हा दोष गौण ठरतो.

गोळीची रचना :
व्यासापेक्षा गोळीची रचना अधिक महत्त्वाची आहे. पूर्ण धातुकवच असलेली लष्करी गोळी बहुधा आरपार जाते. शिशाचे टोक उघडे असलेली गोळी शरीरात पसरते व ऊर्जा तेथेच सोडते. 1899 च्या हेग घोषणेने युद्धात पसरणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र प्राण्याला लवकर मृत्यू यावा म्हणून त्याच योग्य मानल्या जातात. शिवाय लांब, विस्कटलेल्या केसांमुळे अस्वलाचा देह असतो त्याहून मोठा भासतो. नेम चुकल्यास काडतूस कितीही शक्तिशाली असले तरी प्राणी जखमी अवस्थेत निसटतो, आणि जखमी अस्वल सर्वाधिक धोकादायक असते.

कायदेशीर स्थिती :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार अस्वल अनुसूची 1 मध्ये आहे. 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी शिकारही संपुष्टात आली. कलम 11 नुसार मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या अथवा बरे न होण्याइतपत विकल झालेल्या प्राण्याबाबतच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. त्यातही प्राण्यास पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नाही, याची त्यांना खात्री व्हावी लागते. सद्भावनेने केलेले आत्मसंरक्षण हा गुन्हा नाही.

निष्कर्ष :
जड, पसरणारी गोळी आणि मध्यम वेग हे अस्वलाच्या संदर्भातील शास्त्रीय उत्तर होय. परंतु बुलढाण्यातील ज्ञानगंगा अथवा मेळघाट परिसरात मोहफुले वेचणाऱ्या माणसाच्या हाती रायफल नसते. त्याच्या दृष्टीने वेळेवर मिळालेली सूचना व सोबत हेच खरे संरक्षण आहे. काडतुसाची निवड हा सर्व उपाय थकल्यानंतरचा, केवळ अधिकृत यंत्रणेपुढील प्रश्न उरतो.