दलाल कीं मध्यस्थ?

मनुष्याच्या आयुष्यांत विवाह आणि वास्तु हीं दोन कार्यें अशीं आहेत, कीं त्यांत झालेली चूक निस्तरण्यास पुष्कळदां सारा जन्म पुरत नाहीं. विवाह जुळवून देणाऱ्यास आपण आदरानें माजघरापर्यंत नेतों, त्याच्या पुढें फराळाची बशी ठेवतों. परंतु वास्तूचा योग जुळवून देणाऱ्यास मात्र 'दलाल' म्हणून ओटीवरच उभा ठेवतों. याचा दोष कांहीं अंशीं आपल्या समजुतीकडे जातो, आणि कांहीं अंशीं त्या धंद्यांत शिरलेल्या उतावळ्या मंडळींकडे. या दोहोंचा विचार आज करावयाचा आहे.

आमचें पनवेल हें पूर्वीं बंदराचें आणि तांदुळाच्या पेठेचें गांव. येथील नगरपालिका १८५२ सालची. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गांवांच्या जमिनी नव्या मुंबईसाठीं ठरल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली; जानेवारी २०२४ मध्यें शिवडी-न्हावाशेवा सागरी पूल खुला झाला; आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें विमानतळाचें उद्घाटन होऊन डिसेंबरांत विमानेंहि उडूं लागलीं. जेथें भात पिकत होतें तेथें आतां इमारती उगवत आहेत. अशा गांवीं घरजागेच्या देवघेवीचा धंदा भरभराटीस यावा यांत नवल नाहीं. माझ्या हाताखालून गेलेले कित्येक विद्यार्थी आज या धंद्यांत आहेत. त्यांच्याशीं वेळोवेळीं झालेल्या बोलण्यांतून जें सुचलें तें येथें मांडतों.

प्रथम नांवाचाच विचार करूं. 'दलाल' हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ वाट दाखविणारा, असा निर्मळ आहे. आपल्याकडील प्रतिशब्द 'मध्यस्थ'. गीतेच्या सहाव्या अध्यायांत उदासीन आणि मध्यस्थ हे दोघे वेगळे गणले आहेत, आणि श्रीशंकराचार्यांनीं त्यांतील भेद मोठ्या मार्मिकपणें सांगितला आहे. कोणाचाच पक्ष न घेणारा तो उदासीन. परस्परविरुद्ध असलेल्या दोघांचेंहि हित इच्छिणारा तो मध्यस्थ. विकणारा चढा भाव मागतो, घेणारा उतरता मागतो. दोघांचे स्वार्थ भिन्न खरे; परंतु हित एकच, तें असें कीं व्यवहार निर्वेध व्हावा, आणि पुढें कोणासहि कोर्टाची पायरी चढावी लागूं नये. हें हित सांभाळील तो मध्यस्थ. केवळ आपल्या दोन टक्क्यांवर डोळा ठेवील तो दोघांच्या मध्यें उभा असूनहि मध्यस्थ नव्हे.

आतां व्यवहाराकडे वळूं. पहिली गोष्ट कायद्याची. स्थावर संपदा अधिनियम २०१६ सालीं झाला व १ मे २०१७ पासून तो पूर्णपणें अमलांत आला. लोक त्यास 'रेरा' म्हणतात. त्याच्या नवव्या कलमान्वयें, या कायद्याखालीं नोंदलेल्या प्रकल्पांतील सदनिका किंवा भूखंड विकण्यास साह्य करणाऱ्या एजंटानें स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे, आणि प्रत्येक व्यवहारांत आपला नोंदणी-क्रमांक दिला पाहिजे. यांत कसूर केल्यास दर दिवशीं दहा हजार रुपये, आणि तो आंकडा वाढत वाढत मालमत्तेच्या किंमतीच्या पांच टक्क्यांपर्यंत जाऊं शकतो. महाराष्ट्रांत महारेरानें २०२३ सालीं एजंटांसाठीं प्रशिक्षण व परीक्षाहि लागू केली. 'आतां या वयांत परीक्षा कसली?' अशी कुरकुर मीं ऐकली आहे. माझें म्हणणें उलट आहे. वैद्यास परीक्षा, वकिलास परीक्षा, शाळामास्तरासहि परीक्षा. मग ज्याच्या शब्दावर मनुष्य आपली जन्माची पुंजी काढून देतो त्यानेंच तेवढें अशिक्षित कां रहावें? परीक्षेनें धंद्यास प्रतिष्ठा येते. तिला ओझें समजूं नये.

दुसरी गोष्ट कागदांची. आमच्या तालुक्यांत जमीन म्हटली कीं ती एका जातीची नसते. सात-बारा पाहतांना भोगवटादार वर्ग एक आहे कीं वर्ग दोन, हें आधीं वाचावें. वर्ग दोनची जमीन सरकारी परवानगीवांचून विकतां येत नाहीं. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानें शेतकरी नसलेल्या मनुष्यास शेतजमीन सहसा घेतां येत नाहीं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ या कलमांचा कडक निर्बंध आहे. कर्नाळ्याच्या आसपास ठाकूर व कातकरी वाड्या आहेत, तेथें हें विशेष ध्यानांत ठेवावें. सिडकोची जमीन मुळांत भाडेपट्ट्यानें दिलेली. तिच्या हस्तांतराचे नियम निराळे. आणि 'मुखत्यारपत्रावर घेऊन टाका' असा सल्ला तर कोणासहि देऊं नये. केवळ मुखत्यारपत्रानें मालकी मिळत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. सात-बारा, आठ-अ, सगळे फेरफार आणि नोंदणी कार्यालयांतील सूची क्रमांक दोन, इतकें डोळ्यांखालून गेल्यावांचून गिऱ्हाइकास जागेवर नेऊंच नये.

कागद वाचण्यानें काय साधतें, याचें एक पाहिलेलें उदाहरण सांगतों. नव्या मुंबईसाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के योजनेखालीं भूखंड मिळाले. हा भूखंड म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत जें आंदोलन झालें, त्यांत पांच जणांनीं प्राण दिले. त्या लढ्याचें हें फळ. असा एक भूखंड विकावयास चार भाऊ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे आले. घेणारे चौघे निवृत्त स्नेही. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकत्र करून लहानसें घर बांधावें असा त्यांचा बेत. भाव ठरला, बयाण्याचा दिवस ठरला. विद्यार्थ्यानें संवयीप्रमाणें मूळ जमिनीचा वारसाचा फेरफार काढविला. त्यांत नांवें सहा निघालीं. शेवटचीं दोन बहिणींचीं.

'बहिणींच्या सह्या कोठें आहेत?' असें त्यानें विचारतांच थोरला भाऊ चिडला. 'त्या लग्न होऊन गेल्या, त्यांचा काय संबंध?' हें त्याचें उत्तर. आतां २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबांतील मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच हक्क दिला आहे. आणि नोंदलेलें हक्कसोडपत्र तर त्या भावांजवळ नव्हतें. विद्यार्थ्यानें शांतपणें सांगितलें, 'बहिणींचा हिस्सा द्या, नाहींतर त्यांनीं राजीखुशीनें सोडल्याचा नोंदलेला कागद आणा. तोंवर हे चौघे पैसे देणार नाहींत.' व्यवहार आठ महिने अडला. शेवटीं बहिणींना त्यांचा पैसा मिळाला, सह्या झाल्या, खरेदीखत नोंदलें गेलें. थोरल्या भावानें दलालींतूनहि रक्कम कापून घेतली, आणि अद्याप तो वाटेंत भेटला तर तोंड फिरवितो. परंतु त्या घरांत आज चार कुटुंबें निर्धास्त नांदत आहेत, आणि दोन बहिणींचें माहेर कोर्टांत न जातां टिकलें आहे. खऱ्या मध्यस्थीची किंमत पुष्कळदां अशीच पदरचें सोसून द्यावी लागते, हें या धंद्यांत येणाऱ्यानें आरंभींच जाणून असावें.

तिसरी गोष्ट वाणीची. 'स्टेशन पांच मिनिटांवर' असें जाहिरातींत असलें तर एकदां स्वतः, आणि एकदां घरांतील वृद्ध मनुष्याच्या चालीनें, तेवढें अंतर चालून पहावें. जागा मे महिन्यांत पाण्यासाठीं पहावी आणि जुलैमध्यें पाण्यापासून बचावासाठीं पहावी. रस्ता होणार असेल तर 'होणार आहे' म्हणावें. 'झाला' म्हणूं नये. भाव वाढेल अशी हमी कोणासहि देऊं नये. भविष्य सांगणें हें ज्योतिषाचें काम. रेराच्या दहाव्या कलमानेंहि एजंटानें खोटी अथवा दिशाभूल करणारी विधानें करणें निषिद्ध मानलें आहे. जागेचा दोष आपण आधीं सांगितला तर गिऱ्हाईक आपला गुणहि खरा मानतें.

चौथी गोष्ट पैशाची. आपली दलाली किती व कोणाकडून, हें पहिल्याच भेटींत लेखी सांगावें. विकणाऱ्यास एक भाव व घेणाऱ्यास दुसरा सांगून मधला फरक खिशांत घालणें ही दलाली नव्हे. तिला मराठींत दुसरें नांव आहे. बयाण्याची रक्कम आपल्या हातीं घेऊं नये. ती धनादेशानें थेट मालकाच्या खात्यांत जावी. बांधणाऱ्यानें करारनामा नोंदण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घेऊं नये असा नियम आहे. तो गिऱ्हाइकास आपणच सांगावा.

आतां धीराविषयीं दोन शब्द. हा धंदा पावसावरच्या शेतीसारखा आहे. कधीं एका महिन्यांत दोन व्यवहार जुळतात, कधीं चार-चार महिने कोरडे जातात. कोरड्या दिवसांत मनुष्य अधीर होतो, आणि अधीर मनुष्यच खोटें बोलतो. म्हणून पहिल्या चांगल्या प्राप्तींतून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस ठेवावा. ही शिल्लक म्हणजे प्रामाणिकपणाचें कवच होय. रोज रात्रीं वही लिहावी: कोण आलें, काय पाहिजे होतें, काय दाखविलें, कां नापसंत पडलें. नकार देणाऱ्यावर रागावूं नये. त्यानें आपली गरज अधिक स्पष्ट केली इतकेंच समजावें. व्यवहार नसेल त्या दिवशीं एखाद्या नव्या वसाहतींतून पायीं फिरून यावें आणि एक जुना फेरफार वाचावा. विद्येप्रमाणें येथेंहि क्षणाक्षणानेंच संग्रह होतो.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस विनंति. मुलगा किंवा सून 'मी या धंद्यांत पडतों' असें म्हणेल तेव्हां कपाळास आठी घालूं नका. नोंदणी केली का, परीक्षा दिली का, वही ठेवली का, इतकें विचारा. आणि स्वतः घर घ्याल-विकाल तेव्हां ठरलेली दलाली घासाघीस न करतां द्या. जो मनुष्य खरें बोलून आपला तोटा सोसतो, त्याचा मेहनताना बुडवून आपण खोटें बोलणाऱ्यांचीच संख्या वाढवितों. वाट दाखविणारा चांगला हवा असेल, तर त्याच्या पायांस बळ देणें हें वाटसरूंचेंहि कर्तव्य आहे.