पिझ्झा : उधारीच्या अन्नाची कीर्ति

एखादा पदार्थ राजघराण्यांत वाखाणला गेला म्हणजे त्याची कीर्ति तेथूनच सुरू झाली असें लोक मानूं लागतात. पिझ्झाविषयीं नेमकें असेंच घडलें आहे. १८८९ सालीं इटलीची राणी मार्गेरिता नेपल्स शहरीं आली असतां राफाएले एस्पोसितो नांवाच्या कारागिरानें तिच्यासाठीं तीन प्रकारचे पिझ्झे भाजले. त्यांपैकीं तांबडा टोमॅटो, पांढरें चीज व तुळशीच्या जातीचीं हिरवीं पानें अशा राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा तिला आवडला व त्यास तिचें नांव मिळालें, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ज्या पत्राचा त्यास आधार देतात, त्याच्या खरेपणाविषयींच संशोधकांनीं सबळ शंका घेतल्या आहेत. शिवाय हे तिन्ही पदार्थ पिझ्झावर घालण्याची चाल नेपल्समध्यें आधींपासूनच होती.

हा शब्द तर फार प्राचीन आहे. गाएता येथील इ. स. ९९७ मधील एका लॅटिन दस्तऐवजांत, नाताळास व ईस्टरला बिशपास बारा बारा पिझ्झे द्यावेत, असा करार आढळतो. त्यांवर टोमॅटो असणें शक्य नव्हतें. कारण तें फळ मूळचें अमेरिकेंतलें, आणि युरोपांत तें सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं आणलें. नेपल्स त्या वेळीं स्पेनच्याच अंमलाखालीं होतें.

अठराव्या शतकांत नेपल्स हें युरोपांतील अतिशय गजबजलेल्या शहरांपैकीं एक होतें. हमाल, कोळी व मजूर यांच्या कोंदट बिऱ्हाडांत स्वयंपाकाची सोय क्वचितच असे. रस्त्यांत उभ्या उभ्या खातां येईल असें स्वस्त अन्न त्यांना हवें होतें, आणि तें पिझ्झानें पुरविलें. फेरीवाले डोक्यावर पेटी घेऊन हिंडत व गिऱ्हाइकाच्या नाण्याच्या मानानें तुकडा कापून देत. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर ड्युमा हा १८३५ सालीं नेपल्सला गेला होता. पिझ्झाच्या भावावरून तेथील बाजाराची स्थिति कळते, असें त्यानें १८४३ मधील प्रवासवर्णनांत नमूद केलें; मासळी मुबलक सांपडली कीं मासळीचा पिझ्झा स्वस्त होई. तेथील ‘आठांचा पिझ्झा’ म्हणजे आठ दिवसांपूर्वीं भाजलेला, असेंहि त्यानें लिहिलें. वस्तुतः ती उधारी होती : पिझ्झा आज खावा, पैसे आठ दिवसांनीं द्यावेत. परक्यास जेथें शिळेपणा दिसला, तेथें गरिबांचा परस्परविश्वास नांदत होता.

सुखवस्तु लोकांनीं मात्र या अन्नास नाकें मुरडलीं. तारायंत्राचा जनक सॅम्युएल मोर्स यानें १८३१ सालीं त्याची तुलना गटारांतून काढलेल्या पावाशीं केली. लेखिका मातिल्दे सेराओ हिनें १८८४ मध्यें लिहिलें आहे कीं, एका नेपल्सवाल्यानें रोममध्यें पिझ्झाचें दुकान काढलें. परंतु नवलाई ओसरतांच गिऱ्हाईक आटलें.

पुढें जो प्रसार झाला, तो पोटासाठीं देशांतर करणाऱ्यांनीं केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण इटलींतील लक्षावधि लोक अमेरिकेस गेले. न्यूयॉर्कमधील जेन्नारो लोम्बार्दीच्या दुकानाचें साल परंपरेनें १९०५ सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इतर अमेरिकनांनींहि पिझ्झा आपलासा केला. १९५८ सालीं पिझ्झा हट व १९६० सालीं डॉमिनोज यांचा उद्योग तेथें सुरू झाला, आणि १९९६ मध्यें दोघांचीं दुकानें भारतांत उघडलीं. खुद्द इटलीच्या उत्तर भागांतहि पिझ्झा रुळला, तो मुख्यतः युद्धोत्तर काळांत कामासाठीं तिकडे गेलेल्या दाक्षिणात्य मजुरांमुळेंच.

नेपल्सची मूळ पद्धति आतां कायद्यानें रक्षिली आहे. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमाप्रमाणें कणीक हातांनींच पसरावी लागते; पिझ्झाचा व्यास ३५ सेंटिमीटरांहून अधिक नसावा; लांकडाच्या भट्टीचा तळ सुमारें ४८५ अंश सेल्सिअस तापलेला असावा, व भाजणें ६० ते ९० सेकंदांत उरकावें. इतक्या प्रखर आंचेंत क्षणभर दुर्लक्ष झालें तरी पिझ्झा करपतो. म्हणून येथें सारी मदार कारागिराच्या नजरेवर असते. २०१७ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशाच्या यादींत जी नोंद केली, ती पिझ्झा या पदार्थाची नव्हे, तर तो करणाऱ्या नेपल्सच्या कारागिरांच्या कलेची. राणीच्या पसंतीची कथा खरी असो वा नसो, ज्यांनीं हें अन्न उपाशी माणसाच्या हातीं प्रथम उधारीनें ठेविलें, त्यांच्याच व्यवसायबंधूंच्या पदरीं हा मान पडला, हें उचितच झालें.